कोयनेलाच्या कुंपणावरून

एरंडवण्याच्या अंगाला, जेथे त्या काळी पुण्याची वस्ती विरळ होत होत मळ्यांत मिसळून जाई, तेथे रावसाहेबांचे आणि मास्तरांचे अशी दोन बैठी कौलारू घरे शेजारी शेजारी उभी होती, आणि त्यांच्या आवारांमधील सरहद्द कोयनेलाच्या कुंपणाने राखली होती. कोयनेल म्हणजे काय हे पुणेकरांस सांगावयास नको. पाने कडू, वास उग्र, त्यामुळे शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत, आणि कोणी पाणी घातले न घातले तरी ती पेन्शनरासारखी वर्षानुवर्षे हिरवी राहते. रावसाहेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी कात्री घेऊन ते कुंपण छातीइतक्या उंचीवर दोरी धरून कापीत; मास्तरांच्या बाजूने त्याला कधी कात्री लागली नाही. मी रावसाहेबांच्या आवारातील मागल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत असे. माझी खिडकी नेमकी कुंपणावर उघडत असल्यामुळे, आणि सकाळचा साडेसहा ते साडेसातचा तास उभयतांनी जणू संभाषणासाठीच मुक्रर केलेला असल्यामुळे, या दोन गृहस्थांच्या वादाचा मी अनेक वर्षे बिनपगारी श्रोता होतो, आणि क्वचित, माझ्या मर्जीविरुद्ध, पंचही.

रावसाहेब मामलेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि नोकरीतील उमेदीची वर्षे त्यांनी कुलाबा जिल्ह्यात घालविली होती. जमीन म्हटली की तिला चतुःसीमा हवी, चतुःसीमा म्हटली की मोजणी हवी, आणि मोजणी झाली की आतील प्रत्येक वस्तूस दफ्तरात जागा हवी, अशी त्यांची निष्ठा असल्यामुळे त्यांच्या अंगणात कुंड्याही हुद्द्याप्रमाणे मांडलेल्या असत. मास्तरांनी एका हायस्कुलात तीस वर्षे संस्कृत आणि, दुसरा शिक्षक मिळेना म्हणून, सृष्टिविज्ञान असे दोन विषय शिकविले होते. त्यामुळे झाड दिसले की त्याचे कुल आणि त्याची काव्यातील उपमा ही दोन्ही त्यांस एकदम आठवत, आणि त्यांतील अधिक लांबलचक ते आधी सांगत.

दोन्ही आवारांच्या मधोमध, म्हणजे कुंपणापासून जेमतेम हातभर मास्तरांच्या बाजूस, एक जुना कडुलिंब होता. बुंधा मास्तरांचा, परंतु पूर्वेच्या उजेडाच्या ओढीने फांद्यांचा बहुतेक विस्तार रावसाहेबांच्या अंगणावर गेलेला. परिणामी झाडाची मालकी एकाकडे आणि त्याची भरपाई दुसऱ्याकडे, अशी एखाद्या जुन्या दिवाणी कज्जास शोभेल अशी स्थिती झाली होती. फाल्गुनात हा लिंब पिवळा पडे, आणि होळीपासून पाडव्यापर्यंतच्या पंधरवड्यात पाने अशी काही गळत की पहाटे झाडून सडा घातलेले अंगण दुपारच्या वाऱ्याने पुन्हा जसेच्या तसे होई. ही जी हकीकत सांगतो ती १९५८ सालच्या चैत्राची आहे.

पुण्यातील त्या दिवसांची हवा ज्याने अनुभविली नाही त्यास तिची लहर समजावून देणे कठीण आहे. पहाटे तपमान १५-१६ अंशांवर असते आणि शाल अंगावरून काढवत नाही. दुपारी तेच ३६ अंशांच्या घरात जाते आणि तीच शाल दृष्टीसही नको वाटते. हवा कोरडी, आकाश निरभ्र, जमीन उघडी, त्यामुळे दिवसा जमलेली उष्णता रात्री धरून ठेवणारे काहीच नसते, आणि एकाच दिवसात वीस अंशांची चढउतार सोसून बाहेरगावचा पाहुणा तिसऱ्या दिवशी सर्दीने अंथरूण धरतो. तांबट पक्षी भर उन्हात ठोके देऊ लागलेला असतो, रायवळ आंब्याच्या कैऱ्या सुपारीहून मोठ्या झालेल्या असतात, आणि ज्याला त्याला वळवाची एखादी सर पडणार काय, हा प्रश्न पडलेला असतो. मी हवामान खात्याच्या कचेरीत आकडेमोडीच्या कामावर होतो. ही कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आली आणि पुणेकर तिच्या इमारतीस तेव्हापासून ‘शिमला ऑफिस’ म्हणत आले. त्या नोकरीपायी, माझा हुद्दा कितीही सामान्य असला तरी, आकाशातील प्रत्येक ढगाबद्दल मला जाब विचारण्याचा हक्क शेजाऱ्यांस आपोआप प्राप्त झाला होता.

त्या वर्षी पाडवा शुक्रवारी, २१ मार्चला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब कुंपणापाशी आले ते कोट घालून.

“नव्या वर्षाचा नमस्कार, मास्तर.”

“तो काल झाला, रावसाहेब. गुढी उतरली, कडुलिंब चावून तोंड कडू झाले, वरचा तांब्या घासून फळीवर गेला.”

“ते आपले पंचांगाचे. सरकारचा चैत्र आज लागला. आज १ चैत्र, शके १८८०. गॅझेटवर हीच तारीख पडणार.”

ज्या वाचकांस आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली होती, आणि रावसाहेब हे माझ्या माहितीतील असे एकमेव खाजगी गृहस्थ होते की जे दुधाचा हिशेबही तिच्या तारखांनी लिहीत. दहा दिवसांनी नव्या पैशालाही वर्ष पुरे होणार होते. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे भाजीवालीस समजावून देताना माई, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, रोज पाव पैशापाशी अडखळत, आणि भाजीवाली तो पाव पैसा मोठ्या मनाने आपल्याकडे ठेवून घेई. असो.

“पण रावसाहेब,” मास्तर म्हणाले, “यंदा एक दिवसाचे अंतर आहे म्हणून आपले आणि सरकारचे जुळते आहे असे भासते. यंदा श्रावण अधिक आहे. पुढल्या वर्षी पाडवा एप्रिलात जाईल, आणि आपला सरकारी चैत्र मात्र २२ मार्चच्या खुंटीला बांधलेलाच राहील. मग वसंत कोणाचा खरा?”

“खुंटीला बांधलेला तोच खरा. दिवस आणि रात्र समान होतात त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे वर्ष लागते. ही सूर्याची साक्ष आहे, त्यात माझे पदरचे काही नाही. तुमच्या जुन्या निरयन गणिताने सूर्य मेषेत जातो तो १३ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे २३ दिवस उशिरा. हा फरक एका दिवसात पडलेला नाही. चौदा-पंधराशे वर्षे कोणी दप्तर तपासलेच नाही, म्हणून थकबाकी साचली. साहांच्या समितीने ती काढून दिली.”

“थकबाकी कबूल. पण ह्या लिंबाला समितीचा अहवाल कोणी वाचून दाखविला? ह्याची पालवी फुटली दहा दिवसांपूर्वी. टेकडीवरचा पळस फुलला त्याहून आधी, फाल्गुनात, अंगावर पान नसताना. पांगारा आणि सावर यांचेही तसेच. आपल्या देशावर वसंत हप्त्याहप्त्याने येतो. आधी फुलांचा हप्ता, मग पालवीचा, आणि बहाव्याचा तर वैशाखात, जेव्हा आपण सारे उन्हाने हैराण होऊन वसंत संपला असे धरून चाललेले असतो.”

“हप्त्याने येवो, पण नोंद एका तारखेलाच पडली पाहिजे. नाहीतर सारा वसूल कधी करावयाचा?”

या प्रश्नास मास्तरांनी उत्तर दिले नाही, आणि मला वाटते तेच योग्य होते. कारण वसंतावर सारा बसविण्याची कल्पना रावसाहेबांनी विनोदाने मांडली होती की तळमळीने, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नसे.

खरा प्रसंग उद्भवला तो रविवारी, २३ तारखेला. त्या दिवशी चैत्र शुद्ध तृतीया होती, म्हणजे चैत्रगौर बसण्याचा दिवस. माईंना अंगणात चैत्रांगण काढावयाचे होते, आणि ज्यांनी ती रांगोळी काढलेली पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल की गौरीचा पाळणा, सूर्यचंद्र, शंखचक्र, कासव, तुळशीवृंदावन, हत्ती आणि फणी-आरसा एवढा सगळा संसार जिच्यावर मांडावयाचा ती जमीन शेणाने सारवलेली आणि आरशासारखी स्वच्छ लागते. रावसाहेबांनी ते अंगण दिवाळीनंतर मुरूम आणि माती घालून, चोपण्याने चोपून, नव्याने करवून घेतले होते. पहाटे झाडलोट करणाऱ्या बाईंनी पाने गोळा करून कोपऱ्यात मोठा ढीग घातला होता, आणि रावसाहेब आगपेटी घेऊन त्याच्यापाशी उभे होते.

“थांबा, रावसाहेब,” मास्तर कुंपणापलीकडून जवळजवळ ओरडले, “आपण सोने जाळीत आहा.”

“सोने आपले असेल तर आपण घेऊन जावे. आपल्याच झाडाचे आहे.”

“झाड माझे खरे, पण त्याने आपखुशीने आपल्याकडे टाकले ते दान आहे, आणि दान जाळू नये. ही पाने कुजू द्या. जमिनीतून वर चढलेले परत जमिनीस मिळू द्या.”

“मास्तर, तुम्हीच मागे सांगितले होते की पान टाकण्यापूर्वी झाड त्यातले सत्त्व माघारी ओढून घेते. मग आमच्या अंगणात जे पडते ते निव्वळ टरफल. बरे झाले, आपल्याच जबानीत ही कबुली आहे.”

मास्तर क्षणभर थबकले. शिक्षकाचे वाक्य विद्यार्थ्याने त्याच्यावरच उलटविले म्हणजे जसे होते तसे. मग म्हणाले, “अर्धी जबानी वाचलीत. नत्र आणि स्फुरद झाड बरेचसे काढून घेते हे खरे, पण चुना पानातच राहतो. तो झाडाला परत फिरविता येत नाही. आणि जे टरफल उरते तेच तर जमिनीस भुसभुशीत करते. वर्गातली पोरेही असेच अर्धे ऐकून परीक्षेला बसत.”

“पाचोळ्यात विंचू होतात हेही वर्गात शिकवीत होता काय?”

“विंचू होतात. सातभाईही येतात, पाने उलथीपालथी करून किडे टिपतात. आपल्या चोपलेल्या अंगणात सातभाई कधी उतरलेले पाहिलेत? ते माझ्याकडेच असतात, सकाळपासून कलकलाट करीत.”

“त्याबद्दलच तर माझी दुसरी फिर्याद आहे,” रावसाहेब म्हणाले, आणि आगपेटी खिशात ठेवून त्यांनी कुंपणावर दोन्ही हात टेकले. हे लक्षण मला परिचित होते. आता भाषण होणार. “मास्तर, तुम्हाला वाटते पेटविणे म्हणजे नासाडी. मी कुलाब्यात असताना हेच मत घेऊन एक नवा जंगल अधिकारी आला होता. चैत्र-वैशाखात भाताच्या दाढीची जमीन शेतकरी कशी भाजतो ते तुम्ही पाहिले आहे काय? खाली शेणाचा थर, त्यावर टहाळाच्या कवळ्या, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यांवर मातीचे पातळ पांघरूण. मग वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवून देतात, म्हणजे भडका न होता ते हळूहळू धुमसत पुढे सरकते. याला राब म्हणतात. तणाचे बी जळते, माती भाजून मोकळी होते, राख मिळते, आणि मृगाचा पाऊस पडला की त्या तुकड्यात रोप असे जोमदार उठते की नवख्यानेही ओळखावे. सरकारने जंगलातला टहाळ तोडण्यावर बंधने घातली तेव्हा ठाणे-कुलाब्यातली रयत इतकी त्रस्त झाली की १८८५ साली त्या तक्रारींसाठी खास कमिशन नेमावे लागले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे ती. शेतकरी मूर्ख नव्हता.”

“शेतकऱ्यास मूर्ख म्हणण्याचे पाप माझ्या हातून घडणार नाही,” मास्तर म्हणाले. “पण तो धो धो पावसाचा मुलूख, जिथे तण हा शत्रू आणि रोपाची दाढ चार हाताची. आपल्या अंगणात आपण भात लावणार आहा काय? इथे वर्षाला २८ इंच पाऊस, तोही चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने जमिनीत ओल धरून ठेवणे हाच प्रश्न. त्यासाठी इलाज निघाला तो आपल्याच बाजूला. इंदूरला हॉवर्डसाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांनी हेच शोधून काढले. १९३१ साली दोघांच्या नावाने ग्रंथ निघाला आहे. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती, थोडी राख, असे थरांवर थर घालावयाचे, पाणी शिंपडावयाचे, आणि हवा खेळावी म्हणून ठरावीक मुदतीने तीन वेळा उलथापालथ करावयाची. ढीग आतून तापतो, ६० अंशांच्या वर जातो. तणाचे बी त्यातही मरते आणि माश्यांच्या अळ्याही. तीन महिन्यांत खत तयार. विलायतेतसुद्धा या पद्धतीला इंदूरचेच नाव आहे. आणि मी म्हणतो, ढीग आपल्या आपण तापत असताना आगपेटीची काडी कशाला खर्च करावी?”

मला कबूल केले पाहिजे की या युक्तिवादाने माझे मत मास्तरांकडे झुकले. पण मत झुकणे वेगळे आणि रावसाहेबांच्या भाडेकरूने ते उघड करणे वेगळे; म्हणून मी खिडकीतून मागे सरलो, आणि त्याच हालचालीने त्यांच्या नजरेस पडलो.

“या, या, शिमला ऑफिस,” रावसाहेब म्हणाले. “तुम्ही सांगा. उघडे, चोपलेले अंगण चांगले की पाचोळ्याने झाकलेले? शास्त्र काय म्हणते?”

आता शास्त्राने याबाबतीत खरोखर काही म्हटलेले होते. पुण्यास १९३२ साली शेतीच्या हवामानाचा विभाग निघाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याची धुरा उचलली. आणि मोठमोठ्या वादळांचे नकाशे काढणाऱ्या आमच्या खात्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या हवेचा विचार करणारे ते एक विलक्षण गृहस्थ होते. काळ्या मातीवर पांढऱ्या चुनखडीची भुकटी पसरली तर ऊन परावर्तित होऊन खालची जमीन कितीतरी थंड राहते, हे त्यांच्या विभागाने पुण्याच्याच जमिनीवर थर्मामीटर पुरून दाखविले. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला चिकटून असावयाची अशी पूर्वी सर्वांची समजूत होती, परंतु रामदासांस ती जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आढळली; खुद्द जमिनीलगतची हवा त्या थरापेक्षा उबदार. प्रथम पुष्कळांचा विश्वास बसला नाही आणि मोजमापाची चूक असावी असे म्हटले गेले, पण चूक नव्हती. मी हे सारे जमेल तितक्या निःपक्षपातीपणाने निवेदन केले.

“झाले तर,” मास्तर म्हणाले. “जमीन उघडी ठेवली की तापते. झाकली की थंड राहते. पाचोळा हेच पांघरूण.”

“झाले तर,” रावसाहेबही म्हणाले. “पांढरी भुकटी घातली की थंड राहते. माईंची रांगोळी पांढरीच असते. आणि उघड्या जमिनीलगत रात्री ऊब असते असे ते म्हणतात, पाचोळ्यालगत असे म्हणत नाहीत.”

त्या दिवसापासून कोणत्याही वादात शास्त्राचा दाखला देण्याची माझी हौस पुष्कळ कमी झाली आहे.

एवढ्यात माई बाहेर आल्या. हातात रांगोळीची डबी, कमरेला पदर खोचलेला. “अहो, उन्हे वर आली. गौर बसवायची आहे मला. ढीग जाळा की पुरा, पण धूर घरात आला तर नैवेद्याची डाळ धुरकट होईल, आणि दुपारी हळदीकुंकवाला बायका यायच्यात त्या खोकत बसतील.” मग कुंपणाकडे वळून आवाज मऊ करीत, “भाऊजी, कालच्या पाच कैऱ्या पुरायच्या नाहीत हो. आंबेडाळ आणि पन्हे दोन्ही करायचे आहे.”

“आणखी दहा काढून ठेवतो, माई.”

माझ्या लक्षात एक गोष्ट तेव्हा आली, जी इतकी वर्षे खिडकीत बसूनही आली नव्हती. दोन दिवसांपूर्वीच्या गुढीला रावसाहेबांच्या दारात जो डहाळा बांधला होता तो त्याच लिंबाचा, नवी तांबूस पालवी आणि नुकता येऊ लागलेला मोहर यांसकट. हिंग, ओवा, गूळ घालून वाटलेली पानेही तीच. रावसाहेब वर्षातून एक दिवस त्या झाडापुढे हात जोडीत आणि पंधरा दिवस त्याच्यावर फिर्याद करीत. दुसऱ्या बाजूस, मास्तर ज्या कुंपणास कात्री लावणे हा वनस्पतीवरील जुलूम समजत, ते त्यांच्या तत्त्वाप्रमाणे वाढू दिले असते तर दोन पावसाळ्यांत पुरुषभर उंच झाले असते, आणि मग सकाळी साडेसहा वाजता ते बोलणार कोणाशी होते? मास्तरांची उभी हयात उपदेश करण्यात गेलेली. त्यांना समोर माणूस लागे, आणि तो माणूस दिसण्याइतके ठेंगणे कुंपण रावसाहेबांच्या कात्रीमुळेच टिकले होते. हे मी दोघांपैकी कोणालाच सांगितले नाही.

“माणसाने हात घातल्याशिवाय काही निपजत नाही, मास्तर,” रावसाहेब आता वेगळ्या सुरात, जवळजवळ समजुतीने बोलत होते. “माझे कागदी लिंबू बघा. पाणी तोडले, आळे उकरून मुळांना ऊन दाखविले, झाडाला ताण दिला, पाने गळू दिली, आणि मग खत-पाणी एकदम दिले, फुलांनी लगडले. आंबेबहार म्हणतात तो असा धरावा लागतो. लाडावलेल्या झाडाला बहार येत नाही. पोरांचेही तसेच.”

“आणि ह्या लिंबाला कोणी ताण दिला?” मास्तरांनी वर बोट केले. “जमीन कोरडी ठणठणीत, पावसाला अजून अडीच महिने, विहिरींचे तळ दिसू लागलेले, आणि हा पठ्ठ्या याच मुहूर्तावर अंगावरचे सगळे टाकून नवे नेसतो. मुळे खोल गेलेली आहेत, दिवस मोठा होत चालल्याची खूण त्याला पटते, आणि पहिला पाऊस येईल तेव्हा पान जून होऊन कामाला तयार असते. ही तजवीज कोणत्या मामलेदाराने केली?”

“तजवीज उत्तम आहे,” रावसाहेब म्हणाले. “फक्त जुने नेसू माझ्या अंगणात टाकतो, एवढीच तक्रार.”

यावर दोघेही हसले. माझ्या आठवणीत ते दोघे एकाच वेळी हसल्याचे प्रसंग फार नाहीत.

हा सारा वेळ झाडलोट करणाऱ्या बाई खराटा बगलेत धरून, पायरीवर टेकून बसल्या होत्या. त्या दोन्ही घरी काम करीत. म्हणजे मास्तरांच्या आवारातील पाचोळा ज्यांनी न उचलण्याचा आणि रावसाहेबांच्या आवारातील ज्यांनी काडीकाडी उचलण्याचा पगार घ्यावा, अशी त्यांची दुहेरी नेमणूक होती. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “राख करा न्हाई तर खत करा. वाकायचं मलाच हाय. आन्‌ जाळायचंच असंल तर एक पोतं मला द्या, बंबाला व्हतंय. सकाळच्याला चार घरचं पाणी तापवतीया मी, ढलप्या काय फुकट येत न्हाईत.”

दोन्ही पक्षांच्या कैफियती इतक्या विस्ताराने मांडल्या गेल्या, कुलाब्याचा राब आला, इंदूरचा खड्डा आला, पुण्याचे थर्मामीटर आले; परंतु या पाचोळ्याची किंमत ढलप्यांच्या भावाने करणारे तिसरे माणूस दहा हातांवर बसलेले आहे, हे आम्हा तिघाही शिकलेल्यांच्या ध्यानात आले नव्हते. रावसाहेबांनी निकाल दिला तो मात्र झटपट, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील चांगल्या निकालांत तो बसावा. ढिगाचे तीन वाटे करण्यात आले. एक पोते बाईंच्या डोक्यावर गेले. एक वाटा मास्तरांनी कुंपणावरून ओढून घेतला आणि त्याच दुपारी लिंबाखाली चार हात लांब खड्डा काढून त्यात शेण-मातीच्या थरांनी तो भरला. तिसरा वाटा रावसाहेबांनी आपल्या तत्त्वाखातर जाळला, परंतु संध्याकाळी, हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हे मला विचारून.

पुढे काही दिवसांनी लिंब फुलला. रात्री दोन्ही अंगणांत तो गोडसर, किंचित मधाचा वास भरून राही. पहाटे बारीक पांढरी फुले पडत, आणि ती रावसाहेबांच्या सारवणावर अधिक शोभून दिसत हे मास्तरांनी स्वतः कबूल केले. कावळ्याने वरच्या बेचक्यात घरटे बांधावयास घेतले आणि कोकिळेच्या लबाडीबद्दल एक स्वतंत्र वाद चैत्राच्या उत्तरार्धात सुरू झाला, ज्यात रावसाहेब अर्थातच बेदखल झालेल्या कावळ्याच्या बाजूने होते. तो अक्षय्यतृतीयेपर्यंत, गौर उठेपर्यंत चालला. खड्डा दरम्यान तीन वेळा उलथला गेला. पहिल्या खेपेस वाफ निघाली तेव्हा रावसाहेब कुंपणावरून वाकून पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

आषाढी एकादशीच्या पाठोपाठ जो रविवार आला, २९ जूनचा, त्या दिवशी मास्तरांनी खड्डा उघडला. आतून काळे, मऊ, ओल्या मातीच्या वासाचे खत निघाले. त्यात लिंबाचे पान म्हणून ओळखू येईल असे काही उरले नव्हते. दुपारी रावसाहेबांनी मला बोलावून दोन रिकाम्या पाट्या आणि एक घडी केलेली चिठ्ठी मास्तरांकडे पोहोचती करावयास सांगितले. चिठ्ठी त्यांच्या वळणदार अक्षरात होती: “कडुलिंबाच्या पाचोळ्याचे खत, पाट्या दोन, गुलाबांकरिता, पोहोचल्या. ८ आषाढ १८८०.” खाली सही. माल मिळण्यापूर्वीच पावती तयार होती. मास्तरांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, आपट्यांच्या कोशात घालून ठेवली, दोन पाट्या भरल्या, आणि मग घरातून स्वतःची तिसरी पाटी आणून तीही काठोकाठ भरून माझ्या हाती दिली.

तिसऱ्या पाटीची पावती आली नाही.